दाराला न टांगलेला लिंब

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, भावाला नाही. देवापुढे हात जोडून उभी राहते तेव्हासुद्धा हा एक विषय सोडून बाकी सगळं बोलते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि जे ओळखतात त्यांनी मला आता वैताग आणलाय. गावात कुठलाही कार्यक्रम असो, मला हाताला धरून पुढे नेतात, नारळ देतात, लाउडस्पीकरवर सांगतात, "अक्कांनी वैशूला वाचवलं." मी मान खाली घालते. लोकांना वाटतं, बाई किती साधी!

साधी कसली डोंबलाची.

आमचं गाव शिरूर कासारच्या अंगाचं. त्या वर्षीचा दुष्काळ नेहमीपेक्षा वाईट होता. विहिरी कोरड्या, निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, आणि मागे राहिलेल्यांची चूल पेटायची ती दुधावर. आम्हा बायकांची दूध संस्था होती, मी तिची सेक्रेटरी. दूध मी घ्यायचे, फॅट मी बघायचे, पाणी घातलेलं दूध परत पाठवून शिव्याही मीच खायचे. गावातला एकुलता एक फोन संस्थेच्या खोलीत, लाकडी खोक्यात कुलूप लावून ठेवलेला — आणि त्या कुलपाची किल्ली माझ्या कमरेला. हे तेवढं लक्षात असू द्या.

वैशू म्हणजे माझ्या शेजारच्या बाळूची आणि सुमनची पोरगी. पाच वर्षांची. तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात महिनोन् महिने उपचार. थोडे दिवस तिथे, थोडे दिवस घरी. केस गेलेले, डोळे मोठे झालेले, आणि तोंड मात्र पहिल्यासारखंच चुरूचुरू चालणारं.

खोटं कशाला बोलू — गाव उभं राहिलं. टँकर आला की आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांच्या हंड्यावर हंडे आपटायचे, पण पहिला ड्रम वैशूच्या घरी, हे एकदा ठरलं ते कुणी मोडलं नाही. दुधाच्या टेम्पोवाल्यानं पुढची सीट तिच्यासाठी धुऊन ठेवली. बाळूची बैलं चारा छावणीत कोण बघतंय हे त्याला विचारावंसुद्धा लागलं नाही. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलंय. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती बघायला येण्याबद्दल! डॉक्टरांनी सुमनला आणि मला समोर बसवून सांगितलं होतं — हिच्या अंगात आता आजाराशी भांडायचं बळ नाही, घरी गर्दी होऊ देऊ नका. पण आमच्याकडे आजारी माणसाला बघायला गेलं नाही तर तो अपमान असतो. मग काय, रोज रांग. कुणी अंगारा घेऊन, कुणी कोंबडीचा रस्सा घेऊन. जो तो पोरीच्या गालाला हात लावणार, कडाकडा बोटं मोडणार आणि तिच्याच समोर पदर डोळ्याला लावणार. एक म्हातारा तर तिच्याजवळ बसून चांगला खोकत होता, वर म्हणतो, "लेकरू लई वाळलं." अरे बाबा, तू ऊठ आधी तिथून! पोरगी आजारी होती की गावाची जत्रा होती? माणसं माया करायला लागली की कुणाचं ऐकत नाहीत, हे मी तेव्हा शिकले.

शेवटी मीच बाळूच्या ओसरीला या खांबापासून त्या खांबापर्यंत सुतळी बांधली आणि तिच्याजवळ बसले. सकाळचं दूध घेऊन झालं की मी तिथे. दोरीच्या आत आईबाप, आजी आणि मी. दुसरं कुणी नाही. सुमनच्या सख्ख्या भावाला मी परत पाठवलं. एक पुढारी फोटोवाल्याला घेऊन आला, त्याचा माणूस म्हणतो, "साहेब लांबून आलेत, पाच मिनिटं सोडा की." मी म्हटलं, "साहेबांना म्हणावं, रस्त्यावरून हात जोडा." गावभर चर्चा झाली. अर्धे रागावले, अर्ध्यांना कौतुक वाटलं. आणि मला — आता लपवून काय उपयोग — मला ते फार आवडलं. एवढ्या मोठ्या गावात कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही, हे मी ठरवत होते.

येतेय मुद्द्यावर. अजून सोपं जात नाही.

माझी मनी वैशूच्याच वयाची. दोघी लहानपणापासून एका ताटात जेवलेल्या. मे महिन्यातली दुपार होती, टँकर आला म्हणून बाळू, सुमन, म्हातारी, सगळे पाण्याला पळाले. मी दोरीजवळ, मनी माझ्या मांडीशी. आतून वैशूनं हाक मारली. मनीनं माझ्याकडे बघितलं. इतकी तापट मी, गावाला दारातून हाकलणारी — आणि मला वाटलं, जाऊ दे, घटकाभर खेळतील. आपल्याच घरची पोर, तिला काय झालंय? मी सुतळी वर उचलली. माझ्या हातानं. मनी खालून आत गेली. दोघी एका गोधडीवर बसून खडे खेळल्या, एकमेकींच्या हातातले खडे हिसकावून घेत हसल्या. हंड्यांचा आवाज आला तशी मी मनीला बाहेर काढलं. कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनीला आंघोळ घालताना तिच्या पाठीवर पाण्यानं भरलेले बारीक फोड दिसले. पोटावर दिसले. कानामागे दिसले.

कांजण्या.

आमच्याकडे कांजण्या निघाल्या की देवी आली म्हणतात आणि दाराला कडुलिंबाचा डहाळा टांगतात. डहाळा दिसला की लेकुरवाळी बाई त्या दारावरून जात नाही. कुणाला काही सांगावं लागत नाही, लिंबच सांगतो. माझ्या अंगणात लिंबाचं झाड होतं, त्या उन्हाळ्यात गावात तेवढंच हिरवं उरलेलं. हात वर करायचा आणि डहाळा मोडायचा, एवढंच काम होतं.

आणि फोन? डॉक्टर काय म्हणाले होते ते मला आजही शब्दाला शब्द आठवतं. हिच्या जवळपास कुणाला कांजण्या किंवा गोवर निघाला तर लगेच कळवा, वेळेत कळलं तर इंजेक्शन देता येतं, उशीर झाला तर त्याचा उपयोग नाही. सुमनला ते नीट कळलं नव्हतं. मला कळलं होतं. म्हणून तर मी दोरीवर बसले होते ना? किल्ली कमरेला होती. नंबर पाठ होता.

मी लिंब टांगला नाही. फोन केला नाही. नवरा जनावरं घेऊन छावणीत होता, घरात बघणारं दुसरं कुणी नव्हतं. मनीला लांब बाह्यांचा फ्रॉक घातला, डोक्यावरून ओढणी गुंडाळली आणि पहिल्या एसटीनं माहेरी, घाटनांदूरला नेऊन सोडलं. गावात सांगितलं, उन्हाळ्याची सुट्टी, मामाकडे गेलीय. माझ्या भावजयीनं तिथे पोरीला बघताक्षणी दाराला लिंब टांगला, एका शब्दानं काही विचारलं नाही. आणि मी दुसऱ्या दिवशी परत येऊन दोरीजवळ बसले. कशाची राखण करत होते मी? वैशूची? का माझ्या नावाची?

तुम्ही म्हणाल, घाबरली असेल. घाबरले होतेच — पण पोरीसाठी नाही. लोक म्हणतील, गावाला एक न्याय आणि स्वतःच्या लेकीला दुसरा. याला घाबरले होते. रोज स्वतःला सांगायचे, काही होणार नाही, घटकाभरच तर खेळल्या. दिवस गेले, इंजेक्शनची वेळ गेली, आणि दोन आठवड्यांनी वैशूच्या अंगावर फोड उठले.

तिच्या अंगावर ते मनीसारखे निघाले नाहीत. तोंडात निघाले, घशात निघाले, श्वास लागायला लागला. टेम्पोच्या पुढच्या सीटवर तिला घातलं तेव्हा ती सुमनला म्हणाली, "मनी आलती. आमी खडे खेळलो." सुमननं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "तापात सपान पडलं आसंल लेकराला." पाच वर्षांच्या पोरीचं खरं बोलणं मी खोटं पाडलं. आणि सुमननं माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी अक्का होते, दोरीवाली.

टेम्पो गेला आणि गावाला कुणीतरी हवं होतं. मायेसाठी जमतात तसेच रागासाठीही जमतात, तेवढ्याच वेगानं. कलाबाई नुकतीच ऊसतोडीवरून परतली होती. फडावरून उन्हात वाळून आलेली, कडेवर लहान पोर, पोराच्या मानेवर घामोळ्यांचे फोड. ती वैशूला बघायला आली होती खरी. कारखान्याच्या गावाहून आणलेली गुळाची ढेप तिनं सुतळीच्या बाहेरच ठेवली, लांबूनच दोन शब्द बोलली आणि गेली. एवढ्या लोकांत न सांगता दोरीपाशी थांबलेली ती एकटी. बायांनी मला घेरून विचारलं, "अक्का, कलाबाई आलती का न्हाई? पोराच्या अंगावर फोड व्हते का न्हाई?"

मी म्हणाले, "आलती. व्हते."

दोन्ही खरंच होतं. बघा, खोटं बोलायचीही मला गरज पडली नाही.

मग बाया माझ्याच अंगणात आल्या. कलाबाईच्या दाराला लिंब टांगायचा होता, गावाला कळावं म्हणून, आणि हिरवा लिंब माझ्याकडेच होता. त्यांचा हात पुरेना. मी आत जाऊन फांद्या ओढायची आकडी आणून दिली. जो डहाळा माझ्या दाराला लागायला हवा होता, तो त्यांनी माझ्या झाडाचा, माझ्या आकडीनं तोडून तिच्या दाराला बांधला. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते.

पुढे संस्थेत ठराव झाला, तिचं दूध घ्यायचं नाही. एका गाईवर घर चाललं होतं तिचं. दुसऱ्या दिवशी किटली घेऊन ती रांगेत उभी राहिली. तिच्या मागच्या बाया चार पावलं मागे सरकल्या. ती मला म्हणाली, "अक्का, कावून घेत न्हाईत माझं दूध? लेकराला घामोळ्या हायेत. डाक्टरला दावा म्हनलं तर कुनी ऐकंना. तुमी तर व्हतात तिथं, तुमी सांगा की."

काय सांगितलं मी? "ठराव झालाय कलाबाई. माझ्या हातात काय हाय?" ठराव माझ्याच अक्षरात लिहिलेला होता. किटलीला हात न लावता मी पुढच्या बाईला बोलावलं. तिनं गाय विकली. पाऊस पडायच्या आत ते घर कारखान्याच्या गावाला गेलं आणि तिकडेच राहिलं.

वैशू वाचली. मरता मरता वाचली. कांजण्यांपायी कॅन्सरचे उपचार थांबले, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. जे सोसणं तिच्या वाट्याला नव्हतं तेही तिनं सोसलं. पण वाचली. गाव म्हणालं, अक्कांनी दोरी धरली म्हणून. कितीदा वाटलं, तो लाउडस्पीकर हिसकावून घ्यावा आणि ओरडावं — बास करा रे! पण नाही ओरडले. दरवेळी नारळ घेतला आणि खाली उतरले. चिडते मी त्यांच्यावर, पण त्यांचा काय दोष? मी जे सांगितलं तेवढंच त्यांना माहीत.

गेल्या उन्हाळ्यात वैशूचं लग्न झालं. देखणी झालीय. कपाळावर कांजण्यांचा एक खोल व्रण आहे, तो पावडरनं झाकलेला होता. करवली म्हणून मनी तिच्या शेजारी उभी, तिच्याही भुवईवर तसाच व्रण. मला सोफ्यावर बसवलेलं, पहिल्या रांगेत, कपाळाला कुंकू, ओटीत नारळ.

मंगलाष्टकं सुरू होणार तेवढ्यात मांडवाच्या दाराशी गलका झाला. कलाबाई आली होती. पार वाकलेली, पांढरी झालेली, एवढ्या लांबून एसटीनं आलेली. कुणी निमंत्रण दिलं नव्हतं. पोरगी वाचली आणि आता तिचं लग्न आहे हे कुठून तरी कळलं, म्हणून आली. सुमन पुढे गेली, आणि मी तिला शिकवलं होतं तशीच हात आडवा करून उभी राहिली. "हितूनच बघा," म्हणाली. कलाबाई भांडली नाही. तिनं मांडवात नजर फिरवली आणि मला बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. उठून चार पावलं चालायचं होतं फक्त. सुमन तिथे होती, वैशू तिथे होती, सगळं गाव तिथे होतं, आणि लाउडस्पीकर चालू होता.

मी नारळ सावरून बसले.

कुणीतरी तिच्या हातावर मूठभर अक्षता ठेवल्या. "शुभमंगल सावधान" झालं तेव्हा तिनं त्या दारातूनच, सगळा जोर लावून फेकल्या. मधेच रिकाम्या खुर्च्यांवर पडल्या. मी बसल्या जागेवरून टाकल्या. माझ्या अक्षता वैशूच्या डोक्यावर पडल्या.