सुपारीच्या तालावर डोंगा

इंझोरीकडच्या तलावावर माझी नोकरी टिकली ती डोंगेवाल्या मामांमुळे, हे आधी सांगतो, मग बाकीचं. घाईशी उभा दावा असलेला आणि तरी सगळ्यांच्या आधी पोचणारा असा दुसरा माणूस साऱ्या वाशीम भागात नसेल. मामा चालत सावकाश, भांडतही सावकाश. सकाळी शेजाऱ्याशी काढलेल्या भांडणातलं शेवटचं वाक्य ते दुपारी परत येऊन पूर्ण करत, तोवर शेजारी मुद्दा विसरून चहा टाकी. तोंडात कायम सुपारीचं खांड. ते एकदा कडक्कन चावलं की वल्हं पाण्यात, मग तोंडही थांबे, हातही थांबे, आणि डोंगा आपला सरसर जात राही.

मी सातवीतून शाळा सोडून कोकणातून इतक्या लांब आलेलो. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. माझं काम एवढंच की रोज मामांच्या डोंग्यातून पैलतीरावर जाऊन तिथल्या पट्टीवर पाणी किती ते पाहून आठच्या आत वहीत लिहायचं. माझ्या झोपेमुळे दोनदा उशीर झाला, तेव्हा पाटबंधाऱ्याचे साहेब म्हणाले होते, "तिसऱ्यांदा झाला की गावी जायचं." आणि गावी आईनं घरोघर सांगून ठेवलेलं, पोरगा सरकारी कामावर आहे.

एके सकाळी मामांचं मनगट सुजलं, आणि नेमके त्याच दिवशी साहेब वही तपासायला जीपनं तलावाला वळसा घालून पलीकडे निघाले. मामांनी वल्हं माझ्या हाती दिलं आणि समोर तोंड करून बसले. मी जीव खाऊन पाणी बडवू लागलो. डोंगा जागच्या जागी गरगर फिरला.

"काहून मारून राह्यला रे बाप्पा पाण्याले? त्यानं तुह्यं काय केलं?"

"मामा, जीप निघाली!"

"जाऊ दे तिले. समुद्राकडचा ना तू? अन् वल्हं धरलं उलथन्यावानी!"

"आमचं घर डोंगरात आहे हो."

"मंग माह्या तोंडाकडे पाह्य."

कडक्. मी वल्हं ओढलं. लगेच पुन्हा उचललं तर मामा डाफरले, "थांब! डोंगा चालून राह्यला ना? त्याले चालू दे." पलीकडे जीपची धूळ दिसत होती, मी रडकुंडीला आलेलो, पण मामांनी एक चावा जास्त घेतला नाही. कडक्, आणि सरसर. कडक्, आणि सरसर.

आकडा लिहून झाला तेव्हा जीप अजून वळणावरच होती. साहेबांनी येऊन वही पाहिली, घड्याळ पाहिलं आणि जीप वळवली.

संध्याकाळी मामी मला म्हणाल्या, "चार दिवसांपासून तुह्या मामाची दाढ ठनकून राह्यली. सुपारीले हात लावत नोहते. आजच कायले चावली, कोन जाने." मामा मनगटाला हळद लावत दुसरीकडे पाहत होते.

आता माझी बदली होऊन बरीच वर्षं झाली आहेत आणि मामांच्या तोंडात म्हणे दात उरले नाहीत. एकदा जाईन. त्यांना डोंग्यात पुढे बसवीन, सुपारी मी चावीन, वल्हंही मीच मारीन, आणि कितीही उशीर झाला तरी एक चावा जास्त घेणार नाही.