बाबांचा पडण्याचा सराव

माझ्या नायिकेने नायकाला लाथ मारली की तो आमच्या अग्रहारातून उडतो तो थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, हिनकलला जाऊन पडतो. उठतो तेव्हा त्याच्या गालावर एक चिकटपट्टी असते आणि डोळ्यांत प्रेम. ही माझी अक्कल नव्हे. दिवसा मी ऑफिसात बसते आणि उरलेल्या वेळात एका ॲपसाठी जपानी मांगा चित्रकथांच्या धर्तीची प्रेमकथा काढते. तिथल्या संपादिकेचा नियमच आहे: तिसऱ्या भागात मारामारी, चौथ्यात प्रेमाची कबुली. पहिल्या दोन भागांत मी दोघांना नुसतं बोलायला लावलं होतं, तर तिने कळवलं, "हे काय चाललंय? अजून कोणी कोणाला मारलं कसं नाही?"

मारायला माझी ना नव्हती. पण मला पडणारा माणूस काढता येत नाही. उभ्या माणसाचं चित्र आडवं धरल्यासारखं दिसतं. म्हणून एका रविवारी मी बाबांना म्हटलं, मी हॉलमध्ये गादी टाकते, तुम्ही तिच्यावर पडा, मी फोटो काढते आणि ते बघून चित्र काढते. नजरबादच्या सरकारी ऑफिसातून रिटायर झाल्यापासून बाबांना कोणी काही काम सांगितलेलं नव्हतं. ते लगेच बाह्या सरसावून आले. "आपल्या घराण्यात चित्रकला आहेच," म्हणाले. आमचे पणजोबा कापडं रंगवायचे, छापायचे. त्याचा गादीवर पडण्याशी काय संबंध, हे मी विचारलं नाही.

अडचण मारणाऱ्याची होती. मारायला आई हवी होती, आणि आईने बाबांशी तेवीस दिवस अबोला धरला होता.

झालं होतं असं. साठीला टेकलेल्या माझ्या आईने स्कूटर शिकायला घेतली होती. एक बाई रोज सकाळी मैदानावर फक्त बायकांना शिकवतात. नऊ दिवस आई गेली. दहाव्या दिवशी पाहते तर तिच्या स्कूटरवर दुसरीच कोणी बसलेली. बाई म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता, तुम्ही आजपासून येणार नाही म्हणून. आई घरी आली, कॉफी केली, आणि तेव्हापासून बाबांना जे काही सांगायचं ते मला सांगू लागली. बाबा तिच्या पुढ्यात बसलेले असले तरी. "त्यांना सांग, पाणी तापलंय." मग बाबाही मलाच म्हणायचे, "आलो म्हणून सांग." त्या दोघांच्या मधली टेलिफोनची तार होऊन मी वैतागून गेले होते. फोन का केला, हेही आईने माझ्यामार्फतच विचारलं. बाबा म्हणाले, "ट्रॅफिक." मैदानावर कसला आलाय ट्रॅफिक?

तर त्या रविवारी मी आईच्या हातात लाटणं दिलं. तिने ते परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

"त्यांना सांग, लाटणं चपातीचं आहे. आणि मी मारणार नाही. सुम्ने, उगीच कोणी कोणाला मारतं काय?"

"सुम्ने नाही गं. तिचं प्रेम आहे त्याच्यावर."

"मग मारते कशाला?"

"त्यात तसंच असतं."

"आणि हे प्रेम झालं कधी?"

"पुढच्या पानावर होणार आहे."

मला वाटलं आता ती हसेल. पण ती गंभीरपणे म्हणाली, "आमचं पण तसंच की. मी उप्पिट्टू आणून दिलं, त्यांनी खाल्लं, मामा म्हणाले आयतू, म्हणजे झालं, ठरलं. अर्धं पान पण लागलं नाही." बाबा गादीवर उभ्या उभ्या खाली बघत होते.

शेवटी आईने चटईची गुंडाळी हातात धरायचं कबूल केलं, पण ती बाबांना लावायची नाही या अटीवर. ती हवेत चटई फिरवणार, बाबा पडणार. पहिल्या खेपेला बाबा आधी खाली बसले, मग उशी सरळ केली आणि मग आडवे झाले. दुसऱ्या खेपेला ते गुडघे टेकून, हात जोडून देवळात घालावा तसा साष्टांग नमस्कार घालते झाले. तिसऱ्या खेपेला त्यांनी पडता पडता चष्मा काढून माझ्याकडे दिला. हिनकल दूरच राहिलं, हा माणूस गादीच्या मधोमधसुद्धा पोचत नव्हता.

आईला राहवेना. "त्यांना सांग, असं कोण पडतं? पाय आधी जातात. मग कंबर. हात आपोआप वर उडतात, धरायला काही नसतं म्हणून."

"तुला काय माहीत?" मी विचारलं.

आईने चटई पुन्हा उगारली. बाबांचा चेहरा मात्र एकदम उतरला. चौथ्या खेपेला ते तिने सांगितलं तसेच पडले. आधी पाय, मग कंबर. हात वर उडाले ते टीपॉयवर आपटले, चकल्यांचा डबा उलटला, आणि बाबा गादी ओलांडून धाडकन फरशीवर.

"अय्यो! लागलं काय हो?" आईच्या तोंडून निघून गेलं.

मी फोन खाली ठेवून टाळ्याच वाजवणार होते. पण आई लगेच माझ्याकडे वळली. "त्यांना सांग, मी फरशीला विचारलं."

बाबा उठले नाहीत. चकल्यांत पडल्या पडल्या, छताकडे बघत म्हणाले, "तू पडलीस ते मी बघितलं होतं."

मग सगळं बाहेर आलं. सकाळी फिरायला म्हणून निघणारे बाबा ते नऊ दिवस मैदानाच्या कडेला झाडाआड उभे राहून आईला बघत होते. नवव्या दिवशी वळताना आई पडली आणि स्कूटर तिच्या अंगावर आली. "मला वाटलं, संपलं," बाबा म्हणाले. "पुढं यायला पाय उचलेनात. मग तसाच मागे फिरलो. घरी येऊन बाईंना फोन केला." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला त्यांची दयाही आली आणि रागही. त्या दिवशी आईचं कोपर सोललं होतं. आम्हाला तिने कुकरचा चटका बसला म्हणून सांगितलं होतं.

आईने चटई खाली ठेवली.

"आणि मी उठले, ते नाही बघितलं?"

ती थेट त्यांनाच विचारत होती.

"नाही," बाबा म्हणाले.

"मग उद्या या. साडेसहाला. आणि झाडामागे लपायचं नाही."

चकल्या तिने आम्हा दोघांना गोळा करायला लावल्या आणि स्वतः बाईंना फोन करून उद्यापासून परत येते म्हणून कळवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मैदानाच्या कडेला उघड्यावर उभे. चुडीदार घातलेली आई दोन फेऱ्या छान मारून आली. तिसऱ्या फेरीला वळताना स्कूटर कलली आणि ती पडली. अगदी तिने शिकवलं होतं तशीच, हात वर. बाबांनी माझा दंड इतक्या जोरात आवळला की तिथे चार बोटांचे वळ पुढे आठवडाभर होते. आयुष्यात त्यांनी मला कधी चापटसुद्धा मारलेली नाही.

"उठली?" त्यांनी विचारलं. डोळे गच्च मिटलेले.

मी म्हटलं, "मी निरोप सांगायचं बंद केलंय. तुम्हीच बघा."

बराच वेळ गेला. मग त्यांनी डोळे उघडले. आई गुडघ्यावरची माती झटकत उभी होती आणि स्कूटरकडे न बघता आमच्याकडे बघत होती.

"उठलीस गं!" बाबा मैदानभर ऐकू जाईल असे ओरडले.

शिकायला आलेल्या सगळ्या बायका स्कूटरी थांबवून बघायला लागल्या. आई लाजून लाल झाली, पटकन स्कूटरवर बसली आणि भलत्याच दिशेला निघून गेली.