हां जी म्हणणारा

आमच्या गावच्या दंडारीत, म्हणजे रात्रीच्या देवांच्या सोंगांच्या खेळात, मी सीता व्हायचो. मिशी काढून, आईचं लुगडं नेसून उभा राहिलो की गाव हलायचं. केळापूर तालुक्यातल्या कितीतरी गावांत आम्हाला बोलावणं असे, आणि "सीता तोच आहे ना?" हे आधी विचारूनच लोक बैलबंड्या जुंपत. खेळ चालू असताना बाया माझ्या पाया पडायच्या. दुसऱ्या दिवशी त्याच बाया मला विहिरीपासून लांब उभं करायच्या. सीतामाई झालो म्हणून काय झालं, विहीर त्यांचीच.

माझ्या मागे उभा राहायचा तो गावचा शिंपी. मुसलमान, माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला भाई म्हणायचो. मी एक वाक्य बोललो की तो "हां जी" म्हणायचा. त्याचं "हां जी" आल्याशिवाय पुढचं वाक्य काढायचं नाही, ही आमच्या दंडारीची रीत. वाक्य विसरलो तर तो लांबलचक "हां जी" ओढायचा, तेवढ्यात मला आठवायचं.

छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. घरातले देव काढले. देवांची सोंगं यापुढे घ्यायची नाहीत, असं वस्तीत ठरलं तेव्हा सगळ्यात आधी हात माझा वर गेला. त्याचा पस्तावा मला कधीच झाला नाही, उगाच कोणी तसं समजू नये. पण दंडारीत देवांशिवाय होतं काय? माझा धर्म मला मिळाला आणि माझं काम गेलं. दोन्ही खरं आहे. पांढरकवड्याच्या जिनात मी कापूस उचलू लागलो. मशीनच्या आवाजात सीतेची वाक्यं तोंडात यायची, ती गिळून टाकायची. भूक लागली असताना जेवण समोरून उचलून न्यावं, तसं वाटायचं.

मग कळलं की नागपूरच्या रेडिओवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात वऱ्हाडी बोलणारा माणूस हवा आहे. तिथे देव नव्हते. पिकापाण्याच्या गप्पा, थोडी थट्टामस्करी. मला परत माणसांत आणणारी तेवढी एकच जागा उरली होती. मी नाव कळवलं, परीक्षेत बोलायचा कागद तिकडून आला, तो मी तोंडपाठ केला. भाई म्हणाला, "मी बी येतो. माह्याशिवाय तू बोलशीन कसा?"

दारावरच्या माणसानं त्याला बाहेर बाकावर बसवलं. परीक्षा एकाचीच होती. मला आत नेलं, जाड दार लावलं. काचेपलीकडून साहेबानं खूण केली, लाल दिवा लागला. मी पहिलं वाक्य बोललो आणि थांबलो.

मागून काहीच आलं नाही. पुन्हा तेच वाक्य म्हटलं, मोठ्यानं. साहेब बोट फिरवून "पुढे, पुढे" सांगत होता. पुढचं सगळं येत होतं हो मला! पण जीभच उचलेना. तिसऱ्यांदाही तेच वाक्य निघालं तेव्हा त्यानं दिवा बंद केला. "पाठ तरी करून यायचं," तो म्हणाला.

बाहेर भाई उठून उभा राहिला. परतीच्या बसमध्ये म्हणाला, "दार लय जाड होतं गा. मले काहीच आयकू नाही आलं. आलं असतं तं म्या बाकावरूनच म्हटलं असतं."

पुढे आमच्या ग्रामपंचायतीत रेडिओ आला. संध्याकाळी तोच कार्यक्रम लागायचा. पहिल्या दिवशी सगळं गाव जमलं, भाई आणि मीही गेलो. माझ्या जागेवर कोणीतरी दुसरा बोलत होता. चांगला बोलत होता, खोटं कायले बोलू. त्याचं पहिलं वाक्य संपलं आणि माझ्या शेजारून भाईचा आवाज आला, "हां जी."

सवय होती, दुसरं काय. लोक हसले. रेडिओतला माणूस पुढचं वाक्य केव्हाच बोलून गेला होता, त्याला कोणाची वाट पाहायची नव्हती. भाईनं मान खाली घातली. मी नागपुरात ज्याच्यासाठी तीनदा थांबलो, ते मला तिथे ऐकू आलं.