शिवाराचं चित्र आणि तीन पायांचं यंत्र

माझं पहिलं निसर्गचित्र पूर्ण होण्याआधीच जप्त झालं. ज्यांनी जप्त केलं, त्यांचं काहीही चुकलं नव्हतं.

पप्पांचा कोल्हापुरात छोटा छापखाना आहे. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पुढं मी स्वतःच पत्रकं लिहायला लागले. कोडोलीजवळ मामाचं शेत आहे. तिथून नवा महामार्ग जाणार अशी बातमी आली, तेव्हा पत्रक मी लिहिलं, पप्पांनी छापलं, मामानं वाटलं. नाव मात्र मी घातलं नाही. (चळवळीत चेहरा नको, विचार हवा. हे माझं तत्त्व.)

रविवारी गावात सभा होती. मंचामागं शिवाराचा मोठा फोटो लावू, असं मामा म्हणाला.

"फोटो नको," मी म्हणाले. "फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतो. मी चित्र काढते. ते बघून माणसं उठली पाहिजेत."

"तुला येतंय व्हय चित्र काढाय?"

"शेतात उभं राहून समोर दिसेल ते काढायचं. त्यात न येण्यासारखं काय आहे?"

शनिवारी सकाळी मी आणि पप्पा बांधावर हजर झालो. पप्पा आले ते आईच्या हुकमावरून. थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. आईनं दोघांनाही माकडटोप्या घातल्या होत्या, वरून मफलर गुंडाळला होता. आमचे फक्त डोळे बाहेर होते. त्यातले पप्पांचे मिटलेले होते.

मी ईझल, म्हणजे चित्र ठेवायची तीन पायांची लाकडी घोडी, उभी केली. एक डोळा मिटून, हात लांब करून ब्रशनं उसाची उंची मापायला लागले. (चित्रकार असंच करतात. मी व्हिडिओत बघितलं होतं.) अंदाज येईना, म्हणून पप्पांच्या हातात एक बांबू दिला आणि त्यांना लांब उसाच्या कडेला नेऊन उभं केलं.

"सरळ धरा पप्पा. अजून डावीकडं. आता हलू नका."

"अगं, बोटं गोठली."

"शिवारासाठी गोठू देत."

मग रंग. थंडीत जलरंग लवकर वाळत नाही, हे व्हिडिओत सांगितलं नव्हतं. आभाळ ओलं असतानाच मी ऊस लावला. धुक्यासाठी करडा रंग घेतला, तर त्याचा ओघळ आभाळातून निघाला, उसाच्या मधोमध घुसला आणि कागदाच्या खालच्या कडेला जाऊन थांबला. पुसायला गेले, तसा तो रुंद होत गेला.

तेवढ्यात दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल थांबली.

"काय मोजालाय पावणं?"

"उसाची उंची."

"ती कशाला?"

"रस्ता झाल्यावर ऊस कुठला दिसणार?"

त्यानं पुढं काही विचारलं नाही. गाडी वळवली आणि आला तसा परत गेला. मला त्याचं मौन फार भावलं.

थोड्या वेळानं पलीकडच्या वस्तीवरची सगळी माणसं बांधावर आली. बायकांच्या हातात विळे होते. सगळ्यांत पुढं एक म्हातारी.

"ती घोडी उचला आधी."

"थांबा मावशी, मी चित्रकार आहे."

म्हातारी मागं वळली. "म्हटलं न्हवं? वाच रं."

एका तरुणानं खिशातून माझं पत्रक काढलं. "'मोजणीचं तीन पायांचं यंत्र दिसताच उचला! ते गोड बोलतील! आम्ही पत्रकार आहोत, चित्रकार आहोत, असंही सांगतील! विश्वास ठेवू नका!'"

(नुसतं 'पत्रकार' ओकंबोकं वाटत होतं. यमक जुळावं म्हणून 'चित्रकार' मीच वाढवला होता.)

"अहो, मी इथल्याच माणसाची भाची आहे."

"'नातं सांगतील!'" तो पुढं वाचत होता. "'नात्याला भुलू नका!'"

"हे पत्रक मीच लिहिलंय."

"मग नाव दाखीव त्यात," म्हातारी म्हणाली. "असलं जळजळीत लिवणारी पोरगी तुज्यागत कुडकुडत न्हाय."

इतक्यात दोघांनी पप्पांना बांबूसकट आणलं.

"ही काठी धराय कुणी सांगितलं?"

"हिनं," पप्पा लगेच म्हणाले. मग जरा चाचरत, "पत्रकाची छपाई कशी वाटली?"

कुणीतरी चित्र उचलून सगळ्यांकडं फिरवलं.

"आयला, रस्ता काढलाय की."

"चौपदरी हाय."

"माझ्या गोठ्यावरनं गेलाय."

म्हातारीनं कागद डोळ्यांजवळ नेला. "माझी विहीर कुठं हाय ह्यात?"

"तिथं... ओघळ आलाय."

"म्हंजी गेली," ती म्हणाली.

शेवटी मामा धावत आला. त्यानं माझी टोपी वर केली, तोंड बघितलं आणि भाची असल्याचं जाहीर केलं. आमची सुटका झाली, चहा मिळाला, बांबूही परत मिळाला. मामा मात्र चित्राकडं बघत बसला होता.

"हे करडं काय हाय?"

"धुकं."

"असू दे. चित्र म्हणून लावलं तर लोक हसतील. नकाशा म्हणून लावलं तर उठतील."

"ते खोटं होईल, मामा. मला चालणार नाही."

"मग खाली काय लिवत न्हाय. ज्याला जे दिसंल ते दिसंल."

यात तत्त्वाला कुठंच धक्का लागत नव्हता. मी बराच वेळ शोधलं.

रविवारी चित्र मंचामागं लागलं. लोकांनी ते बघितलं, आणि सगळी सभा खरोखर उठून उभी राहिली. पहिल्याच चित्राला असा प्रतिसाद भल्याभल्यांना मिळत नसेल. म्हातारी हात उगारून "रस्ता हटवा, हटवा" ओरडत होती, तिच्यामागं सगळं गाव ओरडत होतं.

आणि तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळं, सगळ्यांत मोठ्यानं मी ओरडत होते.