सिस्टरची साक्ष

"उद्या सकाळी तू उठलाच नाहीस, तर कुठे असशील?"

हा प्रश्न ती कुणालाही विचारायची आणि तोही हातातलं काम न थांबवता. समोरच्याचा आखडलेला गुडघा दोन्ही हातांत धरून ती हळूहळू दुमडत आणायची, आता दुखणार अशा बेताला यायची आणि तेवढ्यात प्रश्न टाकायची. गुडघा तिच्या ताब्यात असल्यामुळे माणसाला उठून जाता येत नसे.

मालाडच्या एका केंद्रात आम्ही दोघं फिजिओथेरपिस्ट होतो. पॅरालिसिस झालेले, डोक्याला मार लागलेले, सांधे धरलेले असे पेशंट आमच्याकडे यायचे, काही तिथेच राहायचे. तिला सगळे सिस्टर म्हणत. पेशंट म्हणत ते नर्स समजून आणि तिच्या मंडळीतले, म्हणजे तिच्या चर्चमधले लोक म्हणत ते विश्वासातली बहीण म्हणून. तिला दोन्ही चालायचं.

तिच्या प्रश्नाला लोक काय वाटेल ते उत्तर द्यायचे. आमचा लिफ्टवाला म्हणाला, गावाला. एक निवृत्त बँक मॅनेजर शांतपणे म्हणाले, "ओशिवऱ्याच्या स्मशानात. तिथे मुलांना गाडी लावायला जागा मिळते." तीही हसली, आणि गुडघा आणखी थोडा दुमडत म्हणाली, "ते शरीराचं झालं, काका. तुमचं काय?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला सापडलेली गोष्ट दुसऱ्याला दिल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. पुढे एका पेशंटच्या मुलाने तक्रार केली, व्यवस्थापनाने तिला बोलावून समज दिली. त्यानंतर तिने पेशंटना विचारणं बंद केलं आणि सगळा मोर्चा आम्हा स्टाफकडे वळवला.

तिचं म्हणणं तसं थोडक्यात मावणारं होतं. चांगला माणूस कोणीच नाही, तीसुद्धा नाही. आपल्या पापांची शिक्षा येशूने आपल्या जागी भोगली, तो मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. आता आपण पुण्य जमवून तिथे पोचत नाही. तारण मिळतं ते कृपेने, फुकट. फक्त ते घ्यावं लागतं, आणि ज्याचं त्यानेच घ्यावं लागतं. जन्माने कोणी विश्वासी होत नसतो. हे तिने आमच्या ऑर्लेमच्या कॅथलिक अकाउंटंटलाही सांगितलं, तेव्हा तो आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. त्याचं घराणं म्हणे पोर्तुगीजांच्या काळापासून चर्चला जात होतं.

"घराणं जाऊ दे," ती मला म्हणाली, "तो स्वतः कधी हो म्हणाला का, एवढंच विचारलं मी."

माझ्या आईचा खांदा धरला होता तेव्हा मी तिला हिच्याकडेच सोपवलं. अर्थात प्रश्न आलाच. आमची आई मालवणची. ती म्हणाली, "माका खंय जावचा आसा? आधी ह्यो खांदो वर कर गो." खांदा वर झाला. मग आईने तिला गणपतीला घरी बोलावलं, आणि मी आईला आधीच सांगून ठेवलं की ती प्रसाद खात नाही, मूर्तीला दाखवलेलं काही खात नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. आईने नैवेद्याचं पान वाढायच्या आधीच पाच-सहा मोदक बाजूला काढून डब्यात ठेवले. आमच्या घरात देवाच्या आधी कुणासाठी काही काढल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो. आई म्हणाली, "मगे काय, उपाशी जातली पोरगी?"

सिस्टरने ते मोदक खाल्ले, भांडीही घासली, आणि जाताना आईला प्रश्न परत विचारला.

ती राहायची घाटकोपरला, आईबरोबर. वडील नव्हते. भाऊ लग्न होऊन मुलुंडला गेलेला. कुटुंब मूळचं जालन्याकडचं, बौद्ध. ही कॉलेजात असताना मैत्रिणींच्या प्रार्थनेला जाऊ लागली, तिथे तिने स्वतःचा हो दिला आणि वर्षभराने कुणाच्या तरी गच्चीवर प्लॅस्टिकच्या टाकीत पूर्ण बुडून बाप्तिस्मा घेतला. आईला ते फार लागलं. आई महापालिकेच्या दवाखान्यात आया म्हणून राबलेली, बोलायला फटकळ. ती म्हणाली होती, "आपण देव सोडून आलो गं. तू परत कुठे निघालीस?"

त्यांच्या घरी मी एकदा गेलो होतो. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि आत फ्रिजच्या दाराला हिचं बायबलच्या वचनांचं कॅलेंडर. सकाळी आई बाहेर वंदना म्हणायची, ही आत ओट्यापाशी प्रार्थना करायची. भांडण नव्हतं. आईने माझ्यापुढे चहा ठेवला आणि लेकीकडे बोट करून म्हणाली, "तुला पण विचारते का रे ही? मला रोज विचारते. मी म्हटलं, बरं बाई, तू जाशील तिथे मला पण ने. तर म्हणते, मला नेता येत नाही, तुझं तूच हो म्हणायला पाहिजे. असला कसला हिचा देव, लेकीला आईचं बोट धरून नेऊ देत नाही?"

मी हसलो. सिस्टर हसली नाही. ती चहाच्या पातेल्यात चमचा फिरवत उभी राहिली.

ती मला स्टेशनवर सोडायला आली तेव्हा रिक्षात तिने सरळ सांगितलं की बाकी कुणी हो म्हणालं नाही तरी तिला झोप येते, पण आईचा विचार आला की येत नाही. आई नरकात जाईल असं तिला मानायचं नव्हतं, आणि जे मानते ते मोडून वेगळं काही मानणं तिला येत नव्हतं. मी रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

मग तिच्या आईला स्ट्रोक आला. मेंदूची डावी बाजू गेली, त्याबरोबर वाचा गेली आणि उजवं अंग गेलं. हॉस्पिटलातून तिला आमच्याच केंद्रात आणलं. घरच्या माणसाने उपचार करू नयेत असा आमच्याकडे रिवाज, म्हणून आई माझ्याकडे आली. सिस्टर आपले पेशंट उरकून यायची आणि कॉटशेजारी स्टुलावर बसायची. आईचे डोळे उघडे असायचे, पण ते कुणावर ठरत नसत.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मेंदूला मोठी इजा झाली की कधीकधी तळहाताला काही लागलं की मूठ आपोआप आवळते, चांगल्या राहिलेल्या बाजूचीही. तान्ह्या बाळाची आवळते तशी. नातेवाईक आपलं बोट त्या हातात देतात, मूठ मिटते, आणि ते रडत आमच्याकडे येतात की बाबांनी मला ओळखलं. अशा वेळी त्यांना सांभाळून सांगायचं काम सिस्टरचं असायचं, कारण ते तिला चांगलं जमायचं. ती म्हणायची, दाबायला सांगू नका, सोडायला सांगा. सोड म्हटल्यावर सोडला, तर त्यांना कळलं म्हणायचं.

एका संध्याकाळी मी आईचा उजवा खांदा हलवत होतो. सिस्टर दुसऱ्या बाजूला उभी होती. आईचा श्वास सकाळपासून बिघडला होता आणि आम्हा दोघांना त्याचा अर्थ माहीत होता. तिने आईचा डावा हात हातात घेतला, कानाशी वाकली आणि घरच्या साध्या आवाजात म्हणाली, "आई, येशूला आपलं म्हणतेस ना? म्हणत असशील तर हात दाब."

हात दाबला गेला. चांगला घट्ट. तिच्या बोटांची टोकं पांढरी पडलेली मला दिसली.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खांदा हलवत राहिलो. ती बराच वेळ तशीच उभी होती, आणि मग तिने दुसऱ्या हाताने आईची बोटं एकेक करून सोडवली. बाहेर जाऊन तिने मंडळीच्या पाळकांना, म्हणजे पास्टरना, फोन लावला. दारातून मला ऐकू येत होतं. ती रडत होती आणि एकच वाक्य परत परत म्हणत होती, की आईने हात दाबला.

आई दुसऱ्या दिवशी गेली. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने झाला. भावाने सगळं केलं, त्रिसरण-पंचशील झालं, ती पांढरी साडी नेसून हात जोडून उभी राहिली, ओठ मात्र हलले नाहीत. तिच्या मंडळीचे लोकही आले होते. ते एकेक करून तिच्याजवळ येत आणि हलक्या आवाजात म्हणत, प्रभूची स्तुती असो सिस्टर, आई सुखरूप पोचल्या. फोनवरचं वाक्य एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. ती प्रत्येकाला मान हलवून उत्तर देत होती.

कामावर ती लगेच आली. गुडघे दुमडले, डबा खाल्ला, रजिस्टरवर सह्या केल्या. प्रश्न मात्र कुणालाच विचारला नाही. लिफ्टवाल्याने आपण होऊन छेडलं, काय सिस्टर, आज कुठे जायचं? ती म्हणाली, दुसरा मजला. मी तिला विचारलं, बरी आहेस ना? तर म्हणाली, पाय बधिर झाल्यावर कसं होतं, आहे हे माहीत असतं पण जाणवत नाही, तसं झालंय.

एकदा चहाच्या वेळी ती म्हणाली, "तू तिथे होतास. काय वाटलं तुला?"

मी खरं ते सांगितलं. "रिफ्लेक्स."

"हं," ती म्हणाली, आणि माझ्या कपात साखर टाकली. मग म्हणाली, "रविवारी येशील? मला साक्ष द्यायची आहे. शेवटच्या ओळीत बस."

त्यानंतर महिन्याभरात तिने नोकरी सोडली. मराठवाड्यात कुठल्याशा मिशनच्या दवाखान्यात ती गेली असं कळलं. फोन करते म्हणाली होती, केला नाही, आणि मीही केला नाही. केंद्रात तिच्या जागी आलेला मुलगा कामाला चांगला आहे. तिच्याबद्दल कुणी विचारलं की मला तो रविवारच आठवतो, म्हणून तो सांगून टाकतो.

बोरिवलीच्या एका शाळेचा हॉल होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुढे गिटार आणि कीबोर्ड, भिंतीवर मुलांनी काढलेली फळांची चित्रं. साक्ष म्हणजे प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते उठून सगळ्यांपुढे सांगायचं. तिच्या आधी एका रिक्षावाल्याने दारू सुटल्याची साक्ष दिली. तो थांबला की सगळे मिळून आमेन म्हणत, आणि शेवटचं मोठं आमेन झाल्यावर तो खाली बसला. मग पाळक आनंदाने म्हणाले की आपल्या सिस्टरच्या आईने अगदी शेवटच्या घटकेला प्रभूला स्वीकारलं, ते आता तिच्याच तोंडून ऐकू या.

तिने माईक घेतला. पेशंटचा रिपोर्ट सांगावा तशा आवाजात ती बोलली.

"माझ्या आईने हात दाबला. पण तो तिने दाबला की आपोआप आवळला, मला माहीत नाही. ते तपासता येतं. सोड म्हणायचं असतं. मी रोज लोकांना हे शिकवते. त्या दिवशी मी सोड म्हणाले नाही. आई सोडणार नाही, याची मला भीती वाटली."

पाळकांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं होतं.

"आपल्याला काही करावं लागत नाही, सगळं त्याने केलंय, हे मी कॉलेजपासून सगळ्यांना सांगत आले. आता आईचं सगळं त्याच्यावर सोपवायचं आहे, तर मला जमत नाहीये. आई कुठे आहे, मला विचारू नका. मला माहीत नाही. मी येशूला सोडलेलं नाही. पण आत काहीच वाटत नाही. हीच माझी साक्ष आहे."

ती थांबली. आता आमेन यायला हवं होतं. कोणी म्हणालं नाही. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही; 'मला माहीत नाही' या शब्दांवर आमेन म्हणायचं असतं की नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नसावं. गिटारवाल्याने तारांवर हात ठेवला आणि काढून घेतला. ती माईक धरून तशीच उभी. आमेन झाल्याशिवाय तिला खाली बसता येत नव्हतं.

मी त्यांच्यातला नव्हतो. आमच्या घरात गणपती बसतो, आणि मी तर त्याच्याकडेही कधी काही मागितलेलं नाही. पण ती फार दमलेली दिसत होती आणि तिने बसायला हवं होतं. शेवटच्या ओळीतून मी आमेन म्हणालो. सवय नसल्यामुळे आवाज जरा मोठा आला, पुढच्या लोकांनी माना वळवून पाहिलं.

ती खाली बसली.