स्टेपनी राहू दे

आमच्या ह्यांच्या गाडीचे जेवढे लाड झाले तेवढे माझे झाले असते तर! दर रविवारी चहा झाला की निघाले कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानात. गाडी आठवडाभर दारात उभी असली तरी हवा तपासायचीच.

दुकान आमच्या धाकटीचं. बँकेतली नोकरी सोडून तिनं ते टाकलं, तेव्हा घरात नुसतं रणकंदन झालं. "पुन्हा तोंड दाखवू नकोस," हे म्हणाले. तीही ह्यांचीच लेक. गेली ती गेलीच. माझ्याशी बोलायची, पण घराची पायरी चढली नाही. पुढे ह्यांना पश्चात्ताप झाला, पण तसं बोलून दाखवतील तर शपथ! मग हे हवेचं निमित्त. हे काच खाली करून म्हणायचे, "तीस." ती हवा भरून म्हणायची, "झाली." बापलेकीचं बोलणं एवढंच. मला अस्सा राग यायचा! पण तेवढ्यावर ह्यांचा आठवडा बरा जायचा.

मग आला आमचा थोरला. तो टायरच्या कंपनीत आहे. बिनहवेचे टायर घेऊन आला. आत रबराच्या पट्ट्या, आरपार दिसणाऱ्या. "ना पंक्चर, ना हवा. रोजच्या गाडीला चालतात का, वापरून सांगा," म्हणाला आणि चारी चाकं बदलली. स्टेपनीही काढायला निघाला, तर हे एकदम ओरडले, "ती राहू दे!"

टायर तसे बरे होते. खिळ्यावरून गेलं तरी ढिम्म. पण वेग घेतला की घूं घूं, खड्ड्यात गेलं की माझी कंबर कामातून जायची, आणि पट्ट्यांत खडे अडकून टकटक. ह्यांची तक्रार मात्र एका शब्दाची नाही. रविवारी रिकामा कप हातात धरून नुसते बसून राहायचे. बघवेना मला.

एका रविवारी मीच म्हटलं, "चला दुकानात."

"जाऊन काय सांगू? हवा भर? हसेल ती."

"हसू दे की! हसताना बघितलंय कधी तिला एवढ्यात?"

गेलो. ह्यांनी काच खाली केली, सवयीनं म्हणाले, "तीस." धाकटी नळी घेऊन वाकली आणि तशीच थांबली. चाक बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं.

"बाबा, ह्यात हवा कुठं भरू?"

बाबा! कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून तो शब्द आला. हे लालबुंद झाले. कसंबसं म्हणाले, "डिकीत स्टेपनी आहे."

तिनं स्टेपनी बाहेर काढली, अंगठ्यानं दाबली. मी आरशातून बघत होते. टणक होती. आता म्हणेल भरलेली आहे, आणि संपलं सगळं. तिनं व्हॉल्व्हची पिन दाबली, फुस्स करून निम्मी हवा सोडून दिली आणि मग पुन्हा सावकाश भरत बसली.

"पडून पडून हवा जाते हिची," ती खालमानेनं म्हणाली. "दर रविवारी आणत जा. ते खडेही काढून देईन."

मला रडूच फुटलं. हे माझ्यावरच खेकसले, "काय झालं रडायला?" आणि स्वतःच खिशात रुमाल शोधायला लागले.

घरी आलो तर थोरल्याचा फोन, टायर कसे आहेत विचारायला.

"चालतील," हे म्हणाले. "पण कंपनीला सांग, स्टेपनी काढू नका म्हणावं."