ह्यूच्या विहारातलं पुण्यानुमोदन

स्वस्तातल्या तिकिटाची तारीख आपण ठरवत नाही, तिकीट ठरवतं. आमच्या व्हिएतनामच्या तिकिटानं नेमका तो आठवडा ठरवला, ज्यात बालाघाटला घरी माझ्या बाबांना जाऊन वर्ष झाल्याचं पुण्यानुमोदन होतं. हे माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा पैसे भरून झाले होते आणि परत मिळणार नव्हते. चार दिवस मी तोंड लपवत फिरलो. पाचव्या दिवशी आईला सांगितलं.

"बापाच्या पुण्यानुमोदनाले पोरगाच नाही?" आई म्हणाली. "किरनापूरचे येतीन, लालबर्र्याचे येतीन. त्याइले काय सांगू, पोरगा फिराले गेला?"

अडचणीत सापडलो की माझी जीभ भलतीच सुटते. म्हटलं, "आई, व्हिएतनाम तर बुद्धाचाच देश आहे. तिथल्या विहारात बाबांच्या नावानं वंदना घेतो ना! व्हिडिओ कॉलवर साऱ्याइले दाखव."

आई उठून आत गेली. पण जायच्या दिवशी बॅगेत इस्त्री केलेला पांढरा सदरा-पायजमा होता. आमच्याकडे वंदनेला पांढरंच घालतात. एक जोड जास्तीचा, सोबत येणाऱ्या मित्रासाठी. म्हणजे तिनं माझं बोलणं खरं धरलं होतं. झालं! आता वंदना झाली नसती तर मी कोणत्या तोंडानं घरी गेलो असतो?

मित्र शाळेपासूनचा. त्याच्या घरी तीन पिढ्या सरकारी नोकरी, त्यामुळे खर्च म्हटला की हा माणूस वरून मंजुरी यायची वाट बघत बसतो. त्यानं सोबत विजेची किटली आणली होती. चहा तिच्यात, अंडी तिच्यात, खिचडीसुद्धा तिच्यातच. हनोईत सारी दुनिया फुटपाथवर बसून वाफाळतं काय काय खात होती आणि आम्ही आठ जणांच्या खोलीत खाटेवर बसून आईचा चिवडा खात होतो. प्रवास झोपायच्या बसनं, म्हणजे खोलीभाडं वाचतं. आमच्याकडे बैहरच्या जीपला मागे लटकून गेलेल्या माणसाला ती बस महाल वाटते, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

तो दिवस उजाडला तेव्हा आम्ही ह्यू शहरात होतो. पांढरे कपडे घालून निघालो. मोठ्या देवस्थानाला तिकीट निघालं. "भगवान के घर में टिकट? चल बे," मित्र म्हणाला, आणि आम्ही गल्लीतल्या एका लहानशा विहाराकडे वळलो. दारातच पांढऱ्या कपड्यांतली माणसं. कोणाकोणाच्या कपाळावर पांढरी पट्टीही बांधलेली.

"पाह्य, इथंही पांढरंच!" मला भरून आलं. एवढ्या दूर येऊन आपलीच माणसं भेटली म्हणायची.

एका बाईनं आमचे कपडे बघितले, तिचे डोळे पाणावले, आणि तिनं हाताला धरून आम्हाला थेट पुढच्या रांगेत नेऊन बसवलं, एका म्हाताऱ्या आजीच्या शेजारी. आजीनं माझा हात हातात घेतला. समोर उदबत्त्या, फळं आणि एका वृद्धाचा मोठा फोटो.

"अबे, हा फोटो कोनाचा?" मित्र कुजबुजला.

"इथले मोठे भंतेजी असतील," मी सांगितलं, जाणकारासारखं.

मंत्र सुरू झाले. मागच्या बायका रडायला लागल्या. वंदनेत असं कोणी रडत नाही, एवढं मलाही कळत होतं. मित्रानं फोनवर काहीतरी शोधलं आणि त्याचा चेहरा उतरला. "भाई, इथं पांढरं दुखवट्यात घालतात. आपल्याले मयताचे पाहुणे समजले हे लोक."

"उठ मग!"

"तू उठ पह्यले. आजीनं तुहाच हात धरला."

तेवढ्यात आईचा फोन आला.

पडद्यावर आमचा मंडप, मागे सारे नातेवाईक. मी हलक्या आवाजात त्रिशरण-पंचशील म्हटलं. दुसरं काय करणार? किरनापूरचे काका पडद्यात तोंड घालून ओरडले, "वा रे पोरा! आपल्या मानसासाठी परदेशातले लोक रडून राह्यले!" मी नाही म्हटलं नाही. खरं सांगतो, दोन क्षण छाती फुगली होती माझी.

मग आई फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिथं तिनं फोन डोळ्यांजवळ धरला.

"तुह्या बाजूले ते म्हातारी कोन आहे?"

"इथल्या उपासिका आहेत, आई. रोज येतात..."

"खोटं नको बोलू. तिचं मानूस गेलं."

आता ही फोन आपटणार आणि पुन्हा माझ्याशी बोलणार नाही, असंच मला वाटलं.

"जेवली काय ते?" आईनं विचारलं.

"अं?"

"विचार तिले, काही खाल्लं काय. तुहा बाप गेला त्या दिवशी तू मंडप पाह्यला, खुर्च्या पाह्यल्या, भंतेजीची गाडी पाह्यली. मी जेवली काय, कोनीच इचारलं नाही मले."

मित्रानं ऐकलं होतं. त्यानं तो प्रश्न आपल्या फोनवर त्यांच्या भाषेत उमटवून आजीपुढे धरला. तिनं वाचला, नाही म्हणून मान हलवली आणि मोठ्यानं रडायला लागली. मित्र उठून मागे विहाराच्या स्वयंपाकघरात गेला आणि वाटीत भात-भाजी घेऊन आला. आजीनं एक घास घेतला, मग दुसरा. आई तिकडून बघत होती.

माझा हात अजून आजीच्या हातात होता. दुसऱ्या हातात फोन.

"आई," मी म्हटलं, "तू जेवली काय?"

"आता इचारून राह्यला?" आई म्हणाली. पण फोन तिनं ठेवला नाही.